नको म्हटलेली बोली

फोन आला तेव्हा लायल क्रालिक दुकानात अंड्यांच्या खोक्याचं झाकण उघडून एकेक अंडं बोटाने फिरवून पाहत होता. तडकलेलं अंडं खोक्याला चिकटून बसतं, फिरत नाही. ही त्याच्या बायकोची, जोआनची शिकवण. फोनवर त्याचा जुना मित्र वेंडल स्टोडोला होता. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. “लिलावाची यादी पाहिलीस?” त्याने एकदम विचारलं. “नाही अजून,” लायल म्हणाला, आणि त्याचं बोट अंड्यावरच थांबलं. यादी त्याने काल सकाळीच पाहिली होती. त्यातलं एक जुनं रिव्हॉल्व्हर पाहून तो इतका वेळ पडद्यासमोर बसून राहिला होता की कपातल्या कॉफीवर साय धरली होती. खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. शिंक यावी तसं ते आलं, आणि शिंकेनंतर वाटतं तसं क्षणभर बरंही वाटलं.

“मग पाहशील तेव्हा त्यात एक मरीनवालं आहे,” वेंडल म्हणाला. “एकोणीसशे नऊचं. त्याच्यावर बोली लावू नकोस.”

“तुला हवंय?”

फोनवरून वेंडलच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रिजची घरघर लायलला ऐकू येत होती.

“लावू नकोस, एवढंच सांगतोय,” वेंडल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सीडर रॅपिड्स गावावर त्या दिवशी गिरणीत भाजलेल्या ओटचा वास पसरला होता. लायलने त्या गिरणीच्या प्रयोगशाळेत सगळं आयुष्य काढलं होतं, तरी निवृत्त झाल्यावरच तो वास त्याला यायला लागला. गाडीत अंडी मांडीवर घेऊन तो तसाच बसला. त्याचा आणि वेंडलचा एक नियम होता. वेंडलच्या बंदुकांच्या दुकानात, काउंटरवर कोपरं टेकून, फार वर्षांपूर्वी दोघांनी तो केला होता. दोघांचाही जीव जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांवर, दोघांचे खिसेही सारखेच. एकमेकांवर बोली चढवत बसलो तर तिसऱ्याचं फावेल आणि मैत्री जाईल ती वेगळीच. म्हणून ज्याने आधी तोंड उघडलं त्याचा हक्क, दुसऱ्याने हात मागे घ्यायचा. आजवर कुणी मोडला नव्हता. आणि आता, लायलच्या मनात आलं, आधी पाहिलं मी, पण आधी तोंड उघडलं त्याने. मग काल सकाळीच फोन का नाही केला? या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक होतं. फोन केला असता तर वेंडल म्हणाला असता, “घे की, लेका.” मोठ्या मनाने म्हणाला असता. आणि मरीन सैनिकांसाठी घडवलेलं ते रिव्हॉल्व्हर, मरीन म्हणून व्हिएतनामात लढून आलेल्या माणसाच्या परवानगीने, लायलच्या कपाटात आलं असतं.

लायल कधी सैन्यात नव्हता. त्याच्या वेळी सक्तीच्या भरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघायची; ज्याचा आकडा लहान त्याला आधी बोलावणं. टीव्हीवर त्याच्या तारखेला इतका वरचा आकडा आला की बोलावणं येण्याचा प्रश्नच उरला नाही. वडील म्हणाले, “चला, सुटला.” आईने आनंदाने खसखस भरलेले कोलाचे, गोड पाव, भाजले आणि त्याने ते उभ्याउभ्या, गरम, जीभ पोळेस्तोवर खाल्ले. शेजारच्या घरात, जिथला मुलगा त्याच्याच वयाचा होता, त्याच वेळी टीव्ही बंद केल्याचा आवाज त्याने ऐकला होता, निदान ऐकल्यासारखं त्याला आठवतं. दोन घरांमध्ये केवढं अंगण होतं, इतका लहान आवाज ऐकू कसा येईल? पण खसखस तेव्हापासून त्याला चालत नाही. डे मॉइनच्या बंदुकांच्या प्रदर्शनात एकदा कुणीतरी विचारलं होतं, “तुम्ही कुठल्या तुकडीत होता?” लायल उत्तर जुळवतोय तोवर वेंडल हसत म्हणाला होता, “हा? अहो, याला स्काउटमध्येसुद्धा घेतलं नाही.” सगळे हसले. लायलही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. परतीच्या वाटेवर वेंडलने त्याच्या सँडविचचे पैसे स्वतःच दिले आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. ते कळलेलं असणंच लायलला जास्त लागलं.

लिलाव शनिवारी सकाळी होता. जोआन चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली होती. लायलने दाढी केली, नवा शर्ट घातला, मग कॉम्प्युटरपुढे बसायला नवा शर्ट कशाला म्हणून काढला आणि पुन्हा घातला. नुसतं पाहायचं असं त्याने स्वतःला सांगितलं होतं; वेंडल कितीला घेतो ते पाहू. पण नाव मात्र त्याने बुधवारीच नोंदवलं होतं, आणि जिंकलेला माल कुठे पाठवायचा या चौकटीत वेंडलच्या दुकानाऐवजी डायर्सव्हिलच्या एका परवानेवाल्या दुकानाचं नाव घातलं होतं. लिलावातलं हत्यार सरळ घरी येत नाही, परवाना असलेल्या दुकानदाराकडे येतं. तो चौकशी करून हवाली करतो. लायलचं आजवरचं प्रत्येक रिव्हॉल्व्हर वेंडलच्या हातून त्याच्या हातात आलं होतं. डायर्सव्हिलचं नाव टाइप करताना त्याने एकदा दाराकडे पाहिलं होतं. घरात कुणी नव्हतं.

पडद्यावर रिव्हॉल्व्हर आलं. गडद निळं, जवळजवळ काळं पोलाद; मुठीचा टाचेकडचा भाग इतर लष्करी रिव्हॉल्व्हरांसारखा चौकोनी नाही, तळव्यात बसेल असा गोलवलेला; लाकडावर बारीक चौकड्या, आणि तळाशी मरीन दलाची चार अक्षरं. अशी मुळातच थोडी झाली, फिलिपाइन्सच्या दमट हवेत गेली, घामाने आणि गंजाने बहुतेक खाल्ली. चांगल्या अवस्थेतलं त्याने एकदाच पाहिलं होतं, काचेआड. बोली भराभर चढल्या, मग एकेक जण गळत गेला आणि दोघेच उरले. एक लायल होता. बटण पहिल्यांदा कधी दाबलं हे त्याला आठवेना. दुसऱ्याचं नाव पडद्यावर नव्हतं, नुसता क्रमांक होता. पण तो प्रत्येक बोलीआधी थांबत होता, दीर्घ श्वास घेतल्यासारखा, आणि लायलला ते थांबणं ओळखीचं वाटलं. वेंडल पत्ते खेळताना असाच थांबायचा. त्याचा तो जाड, नख चेमटलेला अंगठा लायलला दिसत होता. थांब, म्हाताऱ्या, लायल मनात म्हणाला, आता सोड. दुसरी बोली आली. लायलने चढवली. पुन्हा थांबणं, पुन्हा बोली. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तुझ्याकडे सगळं आहे, तो म्हणत होता, तुला तिथे जाता आलं, तू तिथून परत आलास, तुला कुणी कुठल्या तुकडीत म्हणून विचारलं तर थांबावं लागत नाही. एवढं एक लोखंड मला मिळालं तर तुझं काय जातंय? हे तो मोठ्याने म्हणत होता हे त्याला स्वतःचा आवाज खोलीत ऐकल्यावर कळलं. नव्या गाडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या पलीकडे आकडा गेला. तो थांबला नाही. मग पलीकडचं थांबणं लांबलं, फार लांबलं, आणि पडद्यावर हिरवी पट्टी आली. रिव्हॉल्व्हर त्याचं झालं होतं.

आनंद झाला असता तर बरं झालं असतं. तो उठला, बाहेर गेला, आणि फावडं घेऊन ओट्यावरचा बर्फ काढू लागला. बर्फ कालच वितळला होता. फावडं सिमेंटवर खरडत राहिलं तेव्हा समोरची बाई खिडकीत आली. लायलने तिला हात केला.

त्यानंतर वेंडलचा फोन आला नाही आणि लायलने केला नाही. गेल्या शरद ऋतूत वेंडलची बायको आर्डिस वारली, तेव्हापासून दुकान तसंही मनाला येईल तेव्हा उघडं असायचं. थंडीत लायल फारसा तिकडे फिरकला नव्हता. रस्त्यावर बर्फ होता, खोकला होता, जोआनचा गुडघा होता. कारणं खरी होती, पण बर्फ सगळ्या गावावर होता आणि इतर लोक जात-येत होते. आर्डिस गेल्यावरचा वेंडल त्याला नकोसा वाटे. वाक्याच्या मधेच तो थांबे, आणि ते वाक्य कुणीतरी पूर्ण करावं म्हणून दाराकडे पाही. अशा वेळी लायल घड्याळाकडे पाही. आता तर जायला तोंडच उरलं नव्हतं. वेंडलला कळलं असेल का? लिलाववाले सांगत नाहीत, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसतो, हरणाऱ्याला जिंकणारा ठाऊक नसतो. पण वेंडलला आवाजावरून कळतं. म्हणून आवाज ऐकूच द्यायचा नाही.

डायर्सव्हिलच्या दुकानात बेव्ह नावाची दणकट बाई होती. तिने कागद पुरे केले, फोनवरून चौकशी झाली, आणि खोकं उघडून तिने रिव्हॉल्व्हर फडक्यावर ठेवलं. “बाई गं,” ती म्हणाली, “असलं पुन्हा माझ्या काउंटरवर यायचं नाही. धरा की, बघता काय नुसते!” लायलने धरलं. वजन त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होतं आणि मूठ तळव्यात अशी बसली की जणू कुणीतरी हात हातात घेतला. गोळ्या भरायची चक्री त्याने हळूच फिरवली. तिचा आवाज घट्ट, तेल घातलेला, एकेका घरावर थांबणारा. याची कुणीतरी मनापासून निगा राखली होती. परतीच्या वाटेवर खोकं मागच्या डिकीत होतं आणि लायल, साठ वर्षांचा असताना सोडलेली शीळ, पुन्हा वाजवत होता. तेवढ्यात फोन वाजला. वेंडल.

“कुठे आहेस?”

“रस्त्यावर. लाकूड आणायला गेलो होतो.”

“येतोस? बोलायचंय.”

याला कळलं, लायलला वाटलं. घरी जाऊन खोकं ठेवून मग जावं असं एकदा मनात आलं. पण जोआन घरी होती, आणि खोक्याबद्दल तिला काय सांगायचं तेही ठरलं नव्हतं. तो सरळ गेला. गाडी त्याने वेंडलच्या दारात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच लावली. दुसरीकडे जागा नव्हती.

घरात शिरल्यावर काहीतरी चुकतंय असं त्याला आधी नुसतं वाटलं. मग दिसलं. बैठकीच्या भिंतीवर बंदुका टांगायचे खुंट होते, बंदुका नव्हत्या. पलीकडच्या खोलीत लोखंडी तिजोरीचं दार सताड उघडं, आत नुसता फेल्टचा हिरवा कप्पा. वेंडल टेबलाशी बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, तो शर्ट खांद्यांवरून ओघळलेला. त्याने अंड्याचं सॅलड केलं होतं, पावात भरून दोन बशा मांडल्या होत्या.

“बस. मीठ कमी आहे, वरून घे,” वेंडल म्हणाला. “सगळं विकलं मी. दुकानाचा परवानाही परत केला.”

“मला बोलला नाहीस.”

“तू आलास कुठे?” यात टोमणा नव्हता. तो पुढे बोलत राहिला. “ते मरीनवालं माझं होतं, लायल. अकरा वर्षं. माझ्याबरोबर तिकडे असलेल्या एकाच्या बायकोने दिलं, तो गेल्यावर. तुला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तू मागितलं असतंस, आणि मला तुला नाही म्हणता येत नाही.”

लायलच्या हातातला घास तसाच राहिला. त्याला आठवलं, पूर्वी वेंडल तसल्या मरीनवाल्या रिव्हॉल्व्हरबद्दल सतत बोलायचा, आणि मग केव्हातरी बोलेनासा झाला होता. ते न बोलणं आपल्या लक्षातच आलं नाही. “तू विकत होतास,” तो म्हणाला.

“हो. जानेवारीत एक दिवस...” वेंडलने दाराकडे पाहिलं. या वेळी लायलने घड्याळाकडे पाहिलं नाही. “जानेवारीत एक दिवस ते काढून मी इथेच बसलो होतो. भरदुपारी. भरलेलं होतं. आर्डिसचा गाऊन खुर्चीवर होता, त्याच्याशी बोलत होतो. काय बोललो आठवत नाही. डेनिस आली. तिच्याकडे किल्ली आहे, माझी पोरगी, बेल कधीच वाजवत नाही. ती किंचाळली नाही. नुसता हात पुढे केला. लहानपणी तिला दात पडला की मी असा हात पुढे करायचो, दे म्हणून. मी दिलं. मग डॉक्टर, गोळ्या, दर मंगळवारी एका बाईसमोर बसून बोलायचं. बरी आहे ती बाई. तिनेच सांगितलं, सगळं घराबाहेर काढा. मी म्हटलं, काढतो, पण ते एक लांब जाऊ दे. टेक्सास, अलास्का, कुठेही. जे मी कधी पाहणार नाही, ज्याच्या घरी मी कधी जेवायला जाणार नाही, अशा माणसाकडे. म्हणून तुला फोन केला. का ते तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगतोय.” त्याने पावाचा कोपरा मोडला, खाल्ला नाही. “गेलं एकदाचं. कुणीतरी वेड्यासारखी बोली लावली म्हणे. देव त्याचं भलं करो.”

लायल समोरच्या बशीकडे पाहत होता. म्हणजे तो दुसरा वेंडल नव्हता. कुठल्यातरी परक्या माणसाला आपण त्या सकाळी म्हातारा म्हणालो, सोड म्हणालो, तुझं काय जातंय म्हणालो. पण तो परका निघाला म्हणून काय झालं? शिव्या वेंडलला होत्या. अंगठा वेंडलचा होता. हरवायचं होतं ते वेंडलला. आता गप्प बसावं, टेक्सासवाल्याचं भलं होवो म्हणावं, पाव खावा आणि जावं. हे किती सोपं होतं ते त्याला स्पष्ट दिसत होतं. आणि मग वेंडल बरा होईल, पुन्हा घरी येईल, जोआन वाढेल, आणि जेवणाऱ्या वेंडलपासून एका भिंतीपलीकडे, कपाटात, ते असेल.

“मी घेतलं,” लायल म्हणाला.

वेंडलला आधी कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. राग असता तर लायलला बरं वाटलं असतं.

“तुला वाटलं, मला घ्यायचंय.”

“हो.”

“म्हणजे मला हवंय, असं वाटत असताना.”

“हो.”

“आणि तरी लावलीस.”

लायलने होकारार्थी मान हलवली. फ्रिजची घरघर थांबली आणि घर एकदम फार मोठं झालं.

“कुठे आहे?” वेंडलने विचारलं.

लायल काही बोलणार, त्याआधी त्याचे डोळे खिडकीकडे गेले. परत फिरवेपर्यंत उशीर झाला होता. वेंडल उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात सिंकच्या कडेवर टेकून. बाहेर गाडी उभी होती, चिखलाने माखलेली, साधी. डिकीच्या झाकणावर छपरावरचं पाणी ठिबकत होतं. लायलच्या किल्ल्या टेबलावर होत्या, मिठाच्या बाटलीशेजारी; तो त्यांच्याकडे बघत होता आणि हात पुढे करायला धजत नव्हता, कारण हात केला तर वेंडलवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, आणि नाही केला तर... वेंडलचे खांदे वर गेले, खाली आले. किती वेळ कोण जाणे.

“किल्ल्या उचल,” वेंडल खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. “खिशात घाल. मी डेनिसला फोन लावतोय. ती उचलेपर्यंत इथे उभा राहा. मग ते घेऊन जा. कुठे ते मला सांगू नकोस.”

लायलने किल्ल्या उचलल्या. त्या वाजू नयेत म्हणून मुठीत आवळल्या. वेंडलने फोन कानाला लावला; पलीकडे वाजत होतं, वाजत होतं, आणि लायल आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फोन उचलावा म्हणून प्रार्थना करत होता. मग बाईचा आवाज आला. “डेनिस,” वेंडल म्हणाला, “तसं काही नाही, बेटा. पण ये. हो, आत्ता. नाही, एकटा नाही, लायल आहे.” त्याने फोन खाली ठेवला. “ती वाटेतच आहे. दहा मिनिटांवर. बस तोवर.”

लायल बसला. दोघांनीही पाव खाल्ले नाहीत. डेनिसची गाडी आल्यावर तो उठला. दारात ती त्याला ओलांडून आत गेली, त्याच्याशी बोलली नाही.

डायर्सव्हिलचा रस्ता दुसऱ्यांदा जास्त लांबचा वाटला. शेतांतून काळी माती वर आली होती, तिच्यावर बर्फाचे मळके तुकडे. दर वळणाला डिकीत खोकं सरकल्याचा आवाज येत होता, किंवा येत नव्हता. बेव्ह दुकान बंद करायच्या बेतात होती.

“विकायला लावा,” लायल म्हणाला. “मिळेल त्याला. फक्त या राज्याबाहेर.”

बेव्हने खोकं उघडलं, नळीतून प्रकाश पाहिला, चक्री फिरवली, मुठीखालची अक्षरं बोटाने चाचपली. “सकाळी तर नवऱ्या मुलासारखे निघाला होता,” ती म्हणाली. “काय, खोट निघाली काही? अक्षरं मागून ठोकलेली आहेत का?”

“नाही. अस्सल आहे.”

“तोटा होईल तुमचा.”

“होऊ दे.”

घरी जाऊन जोआनला सगळं सांगायचं होतं, पैशासकट. पण गाडी वेंडलच्या गल्लीत वळली. दिवे लागायची वेळ झाली होती. डेनिसची गाडी अजून दारात होती. लायल पायरीवर उभा राहिला. दारावर थाप मारायला उचललेला हात त्याने खाली घेतला, पुन्हा उचलला. आतून पावलं आली आणि दार वेंडलनेच उघडलं. त्याने लायलच्या खांद्यावरून मागे, गाडीकडे पाहिलं.

“त्यात नाही आता,” लायल म्हणाला.

वेंडलने मान हलवली. दार त्याने पुरतं उघडलं नाही, लावलंही नाही. आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता आणि डेनिस कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

“मी तुला माफ केलेलं नाही,” वेंडल म्हणाला.

“माहितीय.”

“लवकर करेन असंही नाही.”

“बरं.”

वेंडल उंबऱ्याकडे पाहत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, “उद्या आर्डिसचा पियानो न्यायला चर्चची माणसं येतायत. दोघंच आहेत, आणि त्यातल्या एकाची पाठ धरलीय. सकाळी ये.”

“येतो.”

“हातमोजे आण. कडा लागतात,” वेंडल म्हणाला, आणि दार लावून घेतलं.